गोदाच्या हातात तलवार द्यावी का?

ताई, नमस्कार.

मी दहा ते तेरा वयाच्या मुलांसाठी एक ऐतिहासिक कादंबरी लिहितेय. साल 1852, गाव पुणं. नायिका गोदा, वय वर्षं दहा. वडील सरकारी कचेरीत कारकून. घरात आजी, आई, विधवा आत्या, धाकटा भाऊ बापू आणि कामाला चंद्री नावाची मुलगी. माझी गोदा चोरून तालमीत जाऊन तलवार शिकते, "मुलगा-मुलगी समान" असं आजीला ठणकावते, लग्नाला नकार देते आणि शेवटी सावित्रीबाईंच्या शाळेत जाते. एका मैत्रिणीनं वाचून सांगितलं, "ही आजची मुलगी आहे, तिला नुसतं लुगडं नेसवलंयस." मग मी सगळं बदललं. गोदा गप्प आणि सोशिक झाली. तो खर्डा प्रकाशकांना दाखवला तर ते म्हणाले, "रडकी नायिका कोण वाचणार? आजच्या मुलींना प्रेरणा मिळायला हवी." आणि माझी अकरा वर्षांची लेक वाचताना सारखी विचारत होती, "अगं, पण ती नाही का म्हणत नाही?" मला उत्तर देता आलं नाही. बालविवाह, केशवपन, शिवाशिव हे मुलांसमोर कितपत मांडावं? खरं लिहू की आवडेल असं लिहू? दोन्ही खर्डे सोबत पाठवतेय.

– दोन खर्ड्यांत अडकलेली

सप्रेम नमस्कार.

दोन्ही खर्डे वाचले. पहिल्यात गोदा वाटेल ते करते, दुसऱ्यात तिला काहीच करता येत नाही. पण एका बाबतीत दोन्ही खर्डे सारखेच आहेत. गोदाला अडवतं कोण, आणि ते कशाच्या बळावर, हे कुठंच दिसत नाही. पहिल्यात आजी दोन वाक्यांत विरघळते. दुसऱ्यात "त्या काळी अशीच रीत होती" एवढं म्हणून तुम्ही मोकळ्या होता. रीत काही आपोआप चालत नाही, ती कोणीतरी चालवतं. ते कोण, एवढं शोधलंत तरी तुमची अर्धी अडचण सुटेल.

लेकीच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण मैत्रीण आणि प्रकाशक या दोघांपेक्षा तिनं नेमकं बोट ठेवलंय. नाही म्हटलं तर काय होतं, हे निदान लेखिकेला माहीत हवं. रखमाबाईंचं अकराव्या वर्षी लग्न झालं. मोठ्या झाल्यावर त्या नांदायला गेल्या नाहीत. 1884 साली नवऱ्यानं मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला आणि 1887 साली कोर्टानं सुनावलं, नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा. त्या तुरुंगात जायला तयार झाल्या. तुमच्या गोष्टीनंतर तीस-पस्तीस वर्षांनी, मुंबईसारख्या शहरात, शिकलेल्या आणि माहेरचा आधार असलेल्या बाईच्या एका नकारावरून एवढं रामायण झालं! गोदा दहा वर्षांची आहे. लग्न ठरल्याचं तिला सांगायलाही कोणी येणार नाही. घाणा भरायला बायका जमल्या की तिचं तिला कळेल. पहिल्या खर्ड्यात तिचे वडील हसून "बरं, तुझ्या मनासारखं होईल" म्हणतात. त्या गृहस्थाला भाऊबंदांनी दुसऱ्या दिवशी वाळीत टाकलं असतं, आणि मग बापूची मुंज कोणी लावली असती? मुलींना शिकवण्यावरून जोतीरावांच्या वडिलांनी 1849 साली मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढलं, त्यामागे समाजाचा हाच धाक होता. गोदाच्या बापाला खलपुरुष करायची गरज नाही. तो कोणाला भितो तेवढं दाखवा, म्हणजे लेकीला उत्तर मिळेल.

आता तलवार. प्रकाशकांच्या तोंडून बोलतेय ती आपली जुनी सवय आहे. लहानपणी आपल्याला इतिहासाच्या गोष्टींत बाई भेटली ती एक तर राजमाता म्हणून, नाहीतर हिरकणी म्हणून. हिरकणीची दंतकथा सगळ्यांना तोंडपाठ असते. दूध विकायला रायगडावर गेलेली गवळण, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे, खाली घरी तान्हं मूल, मग अंधारात उतरलेला कडा. शेवटी राजा साडीचोळी देतो, बुरुज बांधतो, आणि आपण टाळ्या वाजवतो. पण ती दरवाजाशी उभी असताना काय बोलणं झालं असेल ते मुलांना कधी विचारून पाहा. पहारेकऱ्याला हुकूम मोडता येत नव्हता, ठीक आहे. एखाद्या सरदाराचा मेणा आला असता तर दरवाजा उघडला असता का? मुलं यावर हमखास भांडतात, आणि ते भांडण कड्यावरच्या धाडसापेक्षा जास्त रंगतं. एरवी ही गोष्ट आईच्या मायेची म्हणून सांगितली जाते. त्यात सत्तेची गोष्ट दडलेली आहे ती कोणी उघडत नाही.

राण्यांच्या हातात तलवार होती, खरंच होती. 1700 साली राजाराम महाराज गेल्यावर ताराबाईंनी सात वर्षं औरंगजेबाच्या फौजेशी झुंज चालवली. पण ती तलवार गादीबरोबर आलेली. गादी असूनही काय काय हातात नसतं, हे पाहायचं तर अहिल्याबाईंकडे पाहा. त्यांनी जवळजवळ तीन दशकं राज्य केलं. 1754 साली पती गेल्यावर त्यांना सती जाण्यापासून सासऱ्यांनी, मल्हाररावांनी अडवलं होतं. त्याच अहिल्याबाईंची लेक मुक्ताबाई 1791 साली सती गेली आणि आईला तिला थांबवता आलं नाही. सगळ्या मुलखात जिचा शब्द चालतो तिचा पोटच्या पोरीच्या बाबतीत चालला नाही. हा प्रसंग मुलांसाठी लिहिताना बहुतेक जण गाळतात. मला तर वाटतं, अहिल्याबाईंना समजून घ्यायची खरी जागा हीच आहे.

कारकुनाच्या घरातल्या गोदाला कुठली गादी? तिच्या हातात तलवार दिलीत तर वाचणाऱ्या मुलीला वाटेल की तेव्हाच्या मुली मागे राहिल्या, कारण त्यांच्या अंगी धमक नव्हती. प्रेरणा द्यायच्या नादात आपण त्या हजारो मुलींवर ठपका ठेवतो. हा माझा पहिल्या खर्ड्याबद्दलचा सगळ्यात मोठा आक्षेप आहे. लुगडं आणि भाषा वगैरे नंतर बघता येईल.

आणि तालीमच हवी असेल तर तिथं एक वेगळं दार आहे, जे तुम्हाला दिसलेलं नाही. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा निबंध 1855 साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तेव्हा ती चौदाएक वर्षांची. म्हणजे तुमच्या गोदाच्याच वयाची, त्याच पुण्यातली. ती लिहिते की बाजीरावाच्या राज्यात मांग-महार तालीमखान्यापुढून गेला तर त्याचं डोकं उडवून गुलटेकडीच्या मैदानात त्याचा चेंडू करत. वेद ब्राह्मणांचेच असतील तर आम्हाला धर्मच नाही असं ठरतं, असा सवालही ती पंडितांना टाकते. आपल्या जातीच्या बायकांना घरावर छप्परसुद्धा नसताना बाळंत व्हावं लागतं, थंडी-पावसात त्यांचे काय हाल होत असतील, हे विचारते. तुमच्या गोदाचं "मुलगा-मुलगी समान" हे वाक्य त्याच्यापुढे ठेवून पाहा. त्या काळातली खरी मुलगी तुमच्या काल्पनिक मुलीपेक्षा किती तरी धीट निघाली, आणि तिच्या हातात टाक होता. जी तालीम गोदाला मौजेची वाटते तिच्यापुढून जायची मुक्ताच्या आजोबांच्या पिढीला भीती होती. मुली म्हणून दोघी मागे आहेत, पण सारख्या मागे नाहीत.

दोघींना एका सतरंजीवर बसवून गळ्यात गळा घालायला लावायचा मोह होईल. तो आवरा. भेट घडवायचीच असेल तर घरी परतल्यावर गोदाला मागच्या दारी थांबवून अंगावर पाणी ओतणारी आजीही दाखवा. जातीची नावं मात्र "काही लोक", "खालचा समाज" असं म्हणून पुसू नका. मुलांना ती नावं आजही रोज ऐकू येतात.

यावरून चंद्रीकडे येते. दोन्ही खर्ड्यांत चंद्री निरोप पोचवायला येते आणि जाते. गोदा तालमीत जाते तेव्हा तिच्या वाटणीचं काम कोण करतं? पेशवाईत कुणबिणी, म्हणजे घरकामाच्या गुलाम बायका, विकत घेतल्या जात, बक्षीस दिल्या जात, त्यांच्या खरेदी-विक्रीची कागदपत्रं आहेत. 1843 च्या कायद्यानं गुलामीला कोर्टाचा आधार उरला नाही, पण त्यामुळे घरातली माणसं एका रात्रीत बदलली नाहीत. चंद्रीची आई लहानपणी याच घरात विकत आणलेली असू शकते. हे गोदाला माहीत नसेल, आजीला असेल, आणि चंद्रीला तर नक्कीच असेल. मी तुमच्या जागी असते तर कादंबरीचं एक प्रकरण चंद्रीच्या नजरेतून लिहिलं असतं, आणि त्यात गोदा फारशी चांगली दिसली नसती.

नुसतं बोलून उपयोग नाही, म्हणून एक प्रसंग मांडून दाखवते. आवडला तर घ्या.

बापू ओसरीवर धूळपाटी घेऊन कित्ता गिरवतोय. समोर गोदा वाती वळत बसलीय. समोर बसल्यामुळे तिला प्रत्येक अक्षर उलटं दिसतं. पावसाळा सरेपर्यंत तिला सगळी बाराखडी येते, पण उलटी. एकदा बापू चुकतो आणि तिच्या तोंडून निघून जातं, "अरे, काना राहिला." बापू वर बघतो. आपल्या हाती काहीतरी घबाड लागलंय हे त्या आठ वर्षांच्या पोराला लगेच कळतं. "आजीला सांगू?" त्या दिवसापासून गोदाच्या वाटणीचा लाडू बापूच्या हातात जातो. पुढे एका दुपारी घर निजलेलं असताना गोदा चंद्रीला कोनाड्यातून पाटी काढायला लावते. पाटी पडते, धूळ सांडते, आजी जागी होते. बाईनं लिहिलेल्या अक्षरांच्या अळ्या होऊन नवऱ्याच्या ताटात पडतात, हे तेव्हा सर्रास सांगितलं जाणारं वाक्य आजी गोदाला ऐकवते. गोदाला बोलणी बसतात. मार चंद्रीला बसतो. आणि बापू, ज्याला सगळं माहीत आहे, तो खांबाआड उभा राहून लाडू खातो.

यात तलवार नाही, घोडा नाही, आणि गोदा रडकीही नाही. उलटी का होईना, तिनं अक्षरं मिळवली. सोबत तिनं दुसरीला मारही खाऊ घातला. त्या रात्री तिला झोप लागली का, तिनं चंद्रीला काय दिलं, चंद्रीनं ते घेतलं का, असे प्रश्न तुमची लेक विचारेल. त्यांची उत्तरं तिला पुढच्या पानावर लगेच देऊ नका.

आत्या तुमच्याकडे नुसती बिचारी आहे. तिला थोडी कडक करा. लाल अलवणातल्या, डोकं भादरलेल्या बाईला घरात एकच अधिकार उरलेला असतो, तो सोवळ्याचा. स्वयंपाकघरात कोणी कुठं शिवायचं हे ती ठरवते, आणि गोदावर सगळ्यात जास्त डाफरते तीच. रमाबाई रानडे यांनी 1910 साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत वाचून पाहा, त्यांच्या शिकण्याला घरातून टोचून बोलणाऱ्या, छळणाऱ्या बायकाच होत्या. बायकांनीच बायकांना अडवलं असा सोपा अर्थ मात्र मुलांच्या हाती पडू देऊ नका. आत्याच्या हातात दुसरं काही कोणी ठेवलेलंच नव्हतं, हे तिच्या एखाद्या दुपारीतून दिसू दे. विधवाविवाहाचा कायदा 1856 साली आला. तुमची गोष्ट त्याच्या चार वर्षं आधीची. आत्या तुमच्या पुस्तकात जेमतेम विशीची आहे. हे गणित वाचकाला करू द्या.

केशवपन दाखवावं का, असं तुम्ही विचारलंत. दाखवा, पण गोदाला जेवढं दिसलं असतं तेवढंच. न्हावी मागच्या दारानं येतो. मुलांना परसात पिटाळतात. आत्याच्या खोलीचं दार लागतं. त्या दिवशी आत्या कोणाशी बोलत नाही आणि आजी तिच्यावर एरवीसारखी ओरडत नाही. दहा वर्षांच्या वाचकाला एवढं पुरतं. पुढचं तो कोणाला तरी विचारेल, त्यासाठी घरात मोठी माणसं असतात. लग्नानंतरच्या गोष्टींत शिरायचं कारणच नाही. तुमचं पुस्तक त्याच्या आधी थांबतं, थांबू दे. शिव्या आणि मारझोड यांचीही लांबलचक वर्णनं नकोत. मार चंद्रीला बसला, हे एका वाक्यात आलं की पुरे.

दुसऱ्या खर्ड्याच्या शेवटी तुम्ही एक सुधारक नवरा आणलाय. तो गोदाला पाटी आणून देतो आणि पुस्तक संपतं. हा शेवट फार सोयीचा आहे, आणि गंमत अशी की तो खोटाही नाही. सावित्रीबाईंचं लग्न 1840 साली झालं तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या, नवऱ्यानं शिकवलं, आणि तुमच्या गोष्टीच्या साली त्या एकवीस वर्षांच्या शिक्षिका आहेत. रमाबाई अकरा वर्षांच्या असताना 1873 साली तिशी ओलांडलेल्या न्यायमूर्तींशी त्यांचं लग्न झालं, त्यांनाही नवऱ्यानंच शिकवलं. पण आनंदीबाई जोशी यांचीही गोष्ट आहे. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलं, 1886 साली अमेरिकेत डॉक्टरकी, 1887 साली मृत्यू. लहानपणी नवऱ्यानं लाकडानं मारलं, पुस्तकं आणि खुर्च्या फेकल्या, हे त्यांनी स्वतः त्यालाच पत्रात लिहिलंय. पहिल्या महिला डॉक्टरांच्या गोष्टी मुलांसाठी सांगताना हे पान हळूच उलटलं जातं. शिकायचं की नाही हे गोदाच्या बाबतीत आधी आजी ठरवत होती, उद्या नवरा ठरवेल. तो चांगला निघाला तर तिचं नशीब, पण ठरवणारा तोच. म्हणून त्याला शेवटच्या पानावर बक्षिसासारखं आणू नका. गोदाला सासरी पाठवा, तिकडे काय होईल ते आपल्याला माहीत नाही असं म्हणून थांबा. मुलं चिडतील. चिडू द्या.

शाळेत नाहीच पाठवायचं का? माझ्या मते नको. शाळा तिला लांबून दिसू दे. रस्त्यानं जाणाऱ्या सावित्रीबाईंवर शेण-चिखल टाकत, म्हणून त्या जास्तीचं लुगडं सोबत नेत, असं सांगतात. ते शेण टाकणाऱ्या पोरांत बापूला उभं करा. मुलग्यांसाठीच्या ऐतिहासिक गोष्टींत मुलगा नेहमी शूर असतो, आणि त्याचा शूरपणा नेहमी शत्रूवर चालतो. सगळे टाकताहेत म्हणून आपणही टाकायचं की नाही, असा पेच त्याच्यापुढे कोणी टाकत नाही. तुमचं पुस्तक वाचणाऱ्या मुलग्यांना बापूत स्वतःला ओळखता यायला हवं, आणि थोडी लाजही वाटायला हवी. बापूचंही लग्न बारा-तेराव्या वर्षी लागणार आहे, त्यालाही कोणी विचारणार नाही, हे जाता जाता येऊ द्या.

पुस्तकाच्या शेवटी दोन पानांचं टिपण जोडा. गोदा आणि चंद्री काल्पनिक, सावित्रीबाई आणि मुक्ता खऱ्या, हे सरळ सांगा. मुक्ताच्या निबंधातला एखादा परिच्छेद तिच्याच भाषेत द्या. जुनी मराठी मुलांना जड जाते असं म्हणतात, पण त्यातली चीड समजायला शब्दकोश लागत नाही.

आधी चंद्रीचं प्रकरण लिहा, मग पहिल्यापासून पुन्हा सुरुवात करा. चार-पाच मुलामुलींना वाचून दाखवा. त्यात तुमची लेक असू दे, पण एकटी नको, ती आईला बरं वाटेल असं बोलेल. "आवडलं का?" असं विचारू नका. "या घरात मनाला येईल ते कोण करू शकतं?" असं विचारा. आजी, वडील, बापू यांच्यावरून वाद सुरू झाला तर काम झालं असं समजा. सगळ्यांनी एका सुरात "वडील" म्हटलं तर आजीवर अजून मेहनत हवी.

राहिले प्रकाशक. त्यांना हा तिसरा खर्डा द्या आणि नायिका रडकी आहे का ते विचारा. मुखपृष्ठावर तरी घोडा हवाच असं म्हणाले तर हरकत घेऊ नका. फक्त घोड्यावर कचेरीतला साहेब बसलेला असू दे आणि लगाम धरून गोदाचे वडील चालत असू देत.